मजुरी वाढते ती दराने की चालू कामाने?

शेतकरी बंधूंनो, सोयाबीनच्या काढणीला माणूस मिळेना झाला की पारावर एकच सूर निघतो : "सरकारनं रोजगार हमी काढली आन् मजुरांचे भाव चढले." काढणीचा खर्च अंगावर येतो, हे खरेच. पण त्या पंधरवड्यात तुमच्या गावात हमीची किती कामे चालू होती, हे एकदा हजेरीपटावर पाहा. ऐन सुगीत मजूर एकराच्या हिशेबाने उक्ते घेतात. हमीचा महाराष्ट्रातला दर सन २०२५-२६ साठी रोजी ३१२ रुपये. तेवढ्यासाठी उक्ते सोडून माती खोदायला कोण जाईल?

केंद्राचा कायदा २००६ साली आधी २०० जिल्ह्यांत आला, २००८ मध्ये सगळीकडे. त्यामुळे दोन्हीकडच्या मजुरीची तुलना करता आली. इम्बर्ट व पॅप या अभ्यासकांना दिसले ते असे : शेतावरची व इतर रोजंदारी वाढली ती कोरड्या दिवसांत, सुमारे पाच टक्के. पावसाळ्यात फारसा फरक नाही. साधी गोष्ट आहे. मार्च-एप्रिलात गावात बांधबंदिस्ती चालू असली, तर बाई "एवढ्या रोजात येत नाही, हमीवर जाते" असे म्हणू शकते. तिथे बाई-गड्याला दर सारखा, हा मुद्दा शेतावर आपण सोयीने विसरतो. काम बंद असले, तर तिला मिळेल तो रोज घ्यावा लागतो.

नुसता दर वाढवून भागत नाही, हे आपल्या राज्याने पूर्वीच पाहिले आहे. १९८८ साली रोहयोची मजुरी दुप्पट झाली आणि कामावरची हजेरी मात्र घटली. पैसा तेवढाच राहिला, कामे उघडेनात. हमी कागदावर राहिली.

आता डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा मंजूर केला. त्यात १२५ दिवसांची हमी आहे, पण पेरणी-काढणीच्या काळात वर्षात एकूण साठ दिवस कामे बंद ठेवायची आहेत. ते दिवस राज्य सरकार ठरवणार. भागाभागाप्रमाणे वेगळेही ठरवता येतील. कपाशीची वेचणी महिनोन्‌महिने चालते, सोयाबीन पंधरा दिवसांत उरकते. तेव्हा सरपंच, ग्रामसेवक भाऊसाहेब, आपल्या गावचे साठ दिवस कोणते, हे ग्रामसभेत मजुरांना, विशेषतः बायांना, समोर बसवून लिहून घ्या व तालुक्याला कळवा. आणि उरलेल्या दिवसांसाठी कामांचे शेल्फ तयार आहे का, तेही त्याच बैठकीत वाचून दाखवा.