मोटेलची खोली आणि घराचा हक्क

अमेरिकेतील मोटेल आपण पाहतो ते बहुधा तिकडे गेलेल्या नातलगांच्या फोटोंत. हमरस्त्यालगत बैठी, लांबट इमारत, प्रत्येक दारासमोर मोटार, आत पलंग आणि न्हाणीघर. (मालक पुष्कळदा गुजरातचे पटेल. त्या देशातील निम्म्याहून अधिक हॉटेले-मोटेले भारतीय वंशाच्या लोकांची आहेत.) करोनाच्या साथीत याच खोल्या कॅलिफोर्नियाच्या सरकारला आठवल्या.

एप्रिल २०२० मध्ये ‘रूमकी’ योजना सुरू झाली. प्रवासी नसल्याने ओस पडलेल्या खोल्या भाड्याने घेऊन तेथे वृद्ध व आजारी बेघरांना ठेवायचे. मोठ्या निवाऱ्यात शंभर खाटांची दाटी. येथे प्रत्येकाला स्वतःचे दार, स्वतःचा संडास. जुलैत ‘होमकी’ आली आणि सरकार मोटेलेच विकत घेऊ लागले. केंद्राचा निधी डिसेंबरअखेर खर्च करायचा असल्याने सरकारी कारभारात क्वचित दिसणारी घाई झाली. पहिल्याच फेरीत सुमारे ६,००० घरांची सोय झाली. लॉस एंजेलिसमध्ये बेघरांसाठी नवे घर बांधायला सरासरी ५ लाख डॉलरहून अधिक लागत असताना हा सौदा स्वस्तच म्हणायचा.

पण छप्पर मिळाले म्हणजे घर मिळाले, असे मला वाटत नाही. ‘रूमकी’तला माणूस भाडेकरू नव्हता, जा म्हटले की त्याने जायचे. तिथला कायदा मोटेलात ३० दिवसांहून अधिक सलग राहणाऱ्याला सहसा भाडेकरूचे हक्क देतो. ते मिळू नयेत म्हणून २८व्या दिवशी खोली रिकामी करायला लावण्याची जुनी युक्ती आहे. तिला कायद्याने बंदी आहे, तरी ती चालतेच.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. अनामत रक्कम जमत नाही म्हणून आठवड्याच्या भाड्याने मोटेलात दिवस काढणारी कुटुंबे, शाळकरी मुलांसह, तेथे आधीपासूनच आहेत. मोटेल विकले गेले की त्यांनाही दुसरे छप्पर शोधावे लागते.

शिवाय मोटेलच्या खोलीत स्वयंपाकघर नसते. बाहेरचे खाऊन चार दिवस निघतात, वर्षे निघत नाहीत. म्हणून भिंती फोडा, वायरिंग बदला, ओटा बसवा. त्यापुढे दुरुस्ती, रखवालदार, मनोरुग्णांची व व्यसनाधीनांची देखभाल हा खर्च दरवर्षीचा. ‘होमकी’च्या कायमस्वरूपी घरांवर ती ५५ वर्षे गरिबांसाठीच ठेवण्याची अट आहे, ती चालवण्यासाठीची राज्याची मदत मात्र मोजक्याच वर्षांची आहे. पुढचा पैसा शहरांनी आणि संस्थांनी आपापला शोधायचा आहे.