कागदावरचा विमा आणि खांडबाऱ्याचा मजूर

आरोग्य विमा नसलेल्यांचे प्रमाण घटत आहे, असे राज्यकर्ते छाती फुगवून सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडेही तेच सांगतात. 2005-06 साली देशातील सुमारे 95 टक्के कुटुंबांत एकाचाही विमा नव्हता. 2015-16 साली हे प्रमाण 71 टक्के, तर 2019-21 मध्ये 59 टक्के झाले. पण पुरोगामी म्हणविणाऱ्या महाराष्ट्रात त्या वेळी सुमारे 80 टक्के कुटुंबे विम्याबाहेर होती. राजस्थानात जेमतेम 12 टक्के!

खरे तर पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांसाठी जीवनदायी योजना 2013 पासूनच राज्यभर लागू होती. मग 80 टक्के आले कुठून? योजनेने हक्क दिला, पण तो हक्कदाराला कुणी सांगितलाच नाही, हेच याचे उत्तर आहे.

1 जुलै 2024 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातील सर्व कुटुंबांना लागू झाली. दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर गेले. या निर्णयाचे आम्ही स्वागतच करतो. पण कागदावर सारे विमाधारक झाले म्हणून प्रश्न सुटला काय?

नवापूर तालुक्यातील खांडबारा पाहा. गुजरातच्या सीमेजवळचे हे गाव. या भागातील आदिवासी, भूमिहीन कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. केंद्राच्या यादीत नाव असलेल्याचे आयुष्मान कार्ड तेथेही चालते. ज्याचा भार एकटे राज्य उचलते, त्याला मात्र ही देशव्यापी सोय नाही. एकाच फडात कोयता चालविणाऱ्या दोन मजुरांत हा भेद का?

शिवाय योजनेचा लाभ अंगीकृत रुग्णालयात दाखल झाल्यावरच. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याच्या बाहेरून आणलेल्या गोळ्या, गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी या विम्यात बसत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना 1943 साली प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा सोपविण्यात आला. त्यातून 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. त्यात दवाखाना, औषध आणि आजारपणातील बुडालेल्या मजुरीची भरपाईही होती. तीच कसोटी ऊसतोड मजुराला का लावू नये?

तातडीचा उपचार नाकारणे हा घटनेच्या 21 व्या कलमाचा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात 1996 सालीच ठरविले आहे. उपचार ही कुणाची मेहेरबानी नव्हे!

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. मजुरांच्या गाड्या निघण्यापूर्वी गावातच कार्डनोंदणी करा. लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत वाचा. प्रत्येक कार्डाला सीमेपलीकडे मान्यता द्या. आणि बांधवांनो, कार्ड दाखवूनही पैसे मागितले गेले तर पावती घ्या, लेखी तक्रार करा. तोंडी गाऱ्हाणे हवेत विरते. कागदावरच्या तक्रारीला शासनाला उत्तर द्यावेच लागते.