मासा, शिंपला आणि मी न केलेली सही



मागच्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमध्ये एक कागद फिरला. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट एका बंगाली कुटुंबाला भाड्याने जाणार आहे, ते लोक घरात मासे शिजवतात, तरी मालकांनी फ्लॅट त्यांना देऊ नये, असा मजकूर. खाली अकरा सह्या. त्यातल्या नऊ आपल्या बायकांच्या. बाराव्या ओळीवर माझं नाव आधीच लिहून ठेवलेलं, पेनसुद्धा सोबत. मी सही केली नाही. तेव्हापासून मंदिरात दोघीतिघी माझ्याशी कामापुरतं बोलतात, आणि एकीने तर सरळ विचारलं, "काकू, तुम्हाला मासे खाणं चालतं का?"

चालत नाही. हे आधी स्पष्ट लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणाला शंका नको.

मासा म्हणजे मांस नव्हेच, ती पाण्यातली भाजी, असं म्हणणारे लोक मी लहानपणापासून ऐकत आले. पण हाच युक्तिवाद थेट हायकोर्टात ऐकू येईल असं वाटलं नव्हतं. २०१५ च्या सप्टेंबरात पर्युषणाच्या दिवसांत मुंबईत मांसविक्री बंद ठेवण्यावरून प्रकरण कोर्टात गेलं. मग मासळीला बंदी का नाही, असा प्रश्न तिथे निघाला. त्यावर सरकारच्या वतीने सांगण्यात आलं की मासा पाण्याबाहेर काढताच मरतो, त्याची कत्तल होत नाही. मी पेपर वाचत होते, चहा निवून गेला. पाण्याबाहेर काढणारा हात कोणाचा? आणि 'काढताच' म्हणजे किती वेळात? पाण्याबाहेर माशाचे कल्ले एकमेकांना चिकटतात, हवा असूनही त्याला श्वास घेता येत नाही आणि तो गुदमरत जातो. मरळ आणि मागूर हे तर वरची हवा घेऊ शकतात. म्हणून बाजारात ते टबात जिवंत ठेवून विकले जातात. ते तासन् तास मरत नाहीत. (कोर्टाने पुढे १७ सप्टेंबरच्या विक्रीबंदीला स्थगिती दिली, ते वेगळं. मला टोचला तो युक्तिवाद.)

माशाला दुखत नाही, हे दुसरं लाडकं वाक्य. २००३ साली लिन स्नेडन या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत आम्ल आणि मधमाशीचं विष टोचून पाहिलं. मासे खाणं सोडून बसले, काही ओठ खड्यांवर घासू लागले. वेदनाशामक दिल्यावर हे कमी झालं. आता हे समजण्यासाठी माशाला टोचायलाच हवं होतं का, हा प्रश्न मला आहेच. इंग्लंडने २०२२ च्या कायद्यात मासेच काय, खेकडे, झिंगे आणि ऑक्टोपससुद्धा सुखदुःख जाणणाऱ्या प्राण्यांत धरले.

आपल्याकडे हे कोणी सिद्ध करून दाखवायची वाट पाहिली नाही. मासा पंचेंद्रिय जलचर. भावपाहुडात कुंदकुंदाचार्यांनी शालिसिक्थ मत्स्याचं उदाहरण दिलं आहे. तांदळाच्या दाण्याएवढा तो मासा, महामत्स्याच्या कानात राहतो. महामत्स्याच्या उघड्या तोंडातून कितीतरी मासे सुखरूप बाहेर पडताना बघतो आणि मनात म्हणतो, मी याच्या जागी असतो तर एकालाही सोडलं नसतं. खात काहीच नाही, पण नुसत्या भावाने नरकात जातो. ही गोष्ट आपण मुलांना वाईट विचार करू नये म्हणून सांगतो. पण तिच्यात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: माशाला मन आहे. संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंच पाचव्या गुणस्थानापर्यंत चढू शकतो, आणि व्रती श्राविकेचं गुणस्थानही पाचवंच. म्हणजे त्या बाबतीत आपली आणि त्याची पायरी एकच. भगवान अरनाथांचं लांछन मासा. तीर्थंकरांच्या मातेच्या सोळा स्वप्नांत मीनयुगल. माझ्या सासूबाई इतवारीच्या जुन्या घरात पाणी गाळून झाल्यावर गाळण्यातली जिवाणी कडीच्या बादलीतून हळूच त्याच विहिरीत खाली सोडायच्या, वरून ओतायच्या नाहीत. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाला आपटू नये म्हणून.

इथपर्यंत सह्या करणाऱ्या नऊही जणी माझ्याशी सहमत असतील. पुढचं मात्र आवडणार नाही.

मी बी.कॉम. आहे, १९८१ ची. नोकरी केली नाही, पण जमाखर्च वाचायची सवय सुटली नाही. दोन वर्षांपूर्वी चष्मा बदलला. नवीन चष्म्यातून सहज माझ्या कॅल्शियमच्या गोळ्यांची पट्टी मागून वाचली. बारीक अक्षरात छापलं होतं: ऑयस्टर शेलपासून मिळवलेलं कॅल्शियम. ऑयस्टर म्हणजे शिंपला. बारा वर्षं, रोज एक. हिशेब केला, ४,३८० गोळ्या. त्यात बारा वेळचं दशलक्षण पर्व आलं. एकाशन सोडून झाल्यावर मी ती गोळी गाळलेल्या पाण्यासोबत घेत होते. डॉक्टरांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मग डबाच उपडा केला. गुडघ्यासाठी ग्लुकोसामाइन होतं. ते पुष्कळदा झिंग्यांच्या आणि खेकड्यांच्या कवचापासून काढतात. मुलाने अमेरिकेतून पाठवलेलं ओमेगा-थ्री तर उघड उघड माशाचं तेल, डब्यावर माशाचं चित्रसुद्धा. ती कॅप्सूल मी 'औषध' म्हणून घेत होते. आयुर्वेदिक घेते म्हणून निश्चिंत असाल तर शंखभस्म, कपर्दिका भस्म, मुक्ताशुक्ती ही नावं सावकाश वाचा. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका आपण दुकानातच शोधतो. औषधाच्या पट्टीवर तो बघायला मिळत नाही, आणि आपण विचारत नाही.

कोणी म्हणेल, शिंपला मेल्यावर उरलेलं कवच ते, त्यात मांस कुठे? म्हणणं अगदीच चुकीचं नाही. कवच म्हणजे मांस नव्हे, आणि ते समुद्रकाठी आपोआपही पडतं. पण आपल्या शास्त्रात शिंपला द्वींद्रिय, स्पर्श आणि रस या दोन इंद्रियांचा. शास्त्रज्ञ म्हणतात त्याला मेंदू नाही, त्याला कळत नसेल. असेल तसं. आपण कांदा-लसूण सोडताना त्याला मेंदू आहे का हे विचारलं होतं? मोत्यांचंही तेच. लग्नातली नथ आणि सासूबाईंचा तन्मणी माझ्याकडे आहे, आणि तो मी अजूनही कपाटात ठेवला आहे, फेकलेला नाही. मोत्यांची शेती करताना एका शिंपल्याचा तुकडा कापून दुसऱ्याच्या अंगात बसवतात. पहिला तिथेच संपतो, दुसरा बहुतेक वेळा मोती काढताना. 'शुद्ध' मोती म्हणून आपण मंदिरात मिरवतो.

मी काय केलं ते सांगते, तुम्ही तेच करा असा आग्रह नाही. डॉक्टरांना विचारून खनिजापासून बनलेलं कॅल्शियम घेतलं. गोळी आपल्या मनाने बंद करून हाडं मोडून घेऊ नका, ती वेगळी हिंसा. सोबत तीळ, दूध, नाचणी. ओमेगा-थ्रीसाठी जवसाची चटणी, जी आपल्या विदर्भात तशीही रोज होते. खरं सांगायचं तर जवसातलं तेल शरीराला माशाच्या तेलाच्या रूपात फार थोडं बदलता येतं. पण माशालाही ते तेल मुळात शेवाळातूनच मिळतं, आणि थेट शेवाळाच्या कॅप्सूल आता मिळतात. शेवाळ अनंतकायात मोडतं, हेही माहीत आहे मला. म्हणून मी चटणीवरच थांबले.

आता तो कागद. वास येतो, ही तक्रार मी समजू शकते. मलाही सहन होत नाही. वासासाठी खिडकी लावता येते, चिमणी बसवा म्हणून विनंती करता येते. पण कागदात वासाचा उल्लेखच नाही. कागदात 'असे लोक' आहेत. आमच्याकडे वीस वर्षं काम करणारी बाई ढीवर आहे, माहेर भंडारा जिल्ह्यात एका मालगुजारी तलावाच्या काठी. तिचा बाप, भाऊ, सगळे जाळं टाकणारे. तिच्या हातची घासलेली भांडी आपल्याला चालतात. ती या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहायला आली तर तिच्याविरुद्धही हाच कागद फिरेल.

कथाकोशातला मृगसेन आठवा. तोही धीवर. यशोधर मुनींना त्याने व्रत मागितलं. मुनींनी त्याला वासावरून हाकललं नाही, धंदा आजच्या आज सोड असंही म्हटलं नाही. जाळ्यात पहिला येईल तो मासा सोडून दे, एवढंच सांगितलं. त्याने सोडला. खूण म्हणून कपड्याची चिंधी बांधली. तोच मासा पाच वेळा जाळ्यात आला, पाचही वेळा त्याने सोडला, आणि रिकाम्या हाताने घरी गेला. बायकोने दार लावून घेतलं. त्या रात्री बाहेरच साप चावून तो मेला, आणि पुढच्या जन्मी धनकीर्ती झाला, पाच संकटांतून वाचला. आपण ही गोष्ट ऐकून हात जोडतो. त्या गोष्टीत दार लावून घेणारी कोण होती, तेही लक्षात असू द्या.

मृगसेनाने एक मासा सोडला तो पोटाला चिमटा घेऊन. मी गोळी बदलली, त्यात मला महिन्याला थोडे पैसे जास्त पडले, बस. बंगाली कुटुंबाला फ्लॅट नाकारून मात्र एकही मासा वाचणार नाही. ते दुसऱ्या बिल्डिंगमध्ये राहतील आणि तिथे शिजवतील.

कागद अजून माझ्याकडेच आहे, टेबलाच्या खणात. अध्यक्षबाईंचे दोन फोन येऊन गेले. ज्यांना माझी सही हवी आहे त्यांनी घरी यावं, येताना आपापल्या गोळ्यांचा डबा सोबत आणावा. बसून पट्ट्या वाचू. चष्मा विसरू नका, अक्षर फार बारीक असतं. आणि सूर्यास्ताच्या आत या, म्हणजे चहा ठेवता येईल.