हाड मोडलं असेल, तर हृदयाकडेही लक्ष द्या!

क्लेमेंटीतल्या मराठी बंधू-भगिनींनो,

आपल्या अनेक घरांत आई-बाबा काही महिन्यांसाठी गावाकडून येतात. दिवसा सगळे कामावर नाहीतर शाळेत, घरात म्हातारी माणसं एकटी. ओल्या फरशीवर पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं, आणि घरच्यांचं सगळं लक्ष त्या पायाकडे लागतं. पण अशा वेळी हार्ट अटॅकही येऊ शकतो. म्हणून हे कळकळीचं आवाहन.

मांडीचं हाड मोडलं तर आतल्या आत एक ते दीड लिटर रक्तस्राव होऊ शकतो. ही तूट भरून काढण्यासाठी हृदय वेगाने धावतं. वेदनेने रक्तदाब चढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. वय झालेलं, मधुमेह किंवा ब्लडप्रेशर जुनं, रक्तवाहिन्या अरुंद, अशा माणसाच्या हृदयाला हा ताण झेपत नाही.

हा अटॅक, विशेषतः हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर, बहुतेकदा गुपचूप येतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पॉइज' या आंतरराष्ट्रीय अभ्यासात हृदयाखेरीज इतर शस्त्रक्रिया झालेले रुग्ण होते. त्यांतल्या ज्यांना अटॅक आला, त्यांपैकी सुमारे ६५ टक्के लोकांना छातीत दुखण्यासारखं काही जाणवलंच नाही. सुमारे ७४ टक्के अटॅक शस्त्रक्रियेनंतरच्या ४८ तासांत आले. वेदनाशामकांमुळे लक्षणं झाकली जातात. रक्तातल्या ट्रोपोनिनची तपासणी मात्र हृदयाची इजा दाखवते.

म्हणून एवढं कराच:

१. माणूस पडला आणि उठता येत नसेल, तर ओढून उठवू नका, तेल लावून चोळू नका. रुग्णवाहिकेसाठी लगेच ९९५ला फोन करा. नॅशनल युनिव्हर्सिटी हॉस्पिटल केंट रिजला आहे, एंग टेंग फाँग हॉस्पिटल जुराँग ईस्टला. दोन्ही जवळ आहेत.

२. जुने आजार आणि चालू गोळ्यांची इंग्रजी यादी आजच लिहून फ्रिजवर लावा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आधी सांगा. अपघातानंतर ॲस्पिरिन स्वतःहून देऊ नका.

३. 'ईसीजी काढला का? ट्रोपोनिन तपासायचं का?' हे डॉक्टरांना विचारा.

४. 'हृदय नाजूक आहे, ऑपरेशन पुढे ढकला' असा हट्ट धरू नका. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७ देशांतल्या, खुबा मोडलेल्या २,९७० रुग्णांच्या अभ्यासात, आधीच ट्रोपोनिन वाढलेल्यांमध्ये लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांचे मृत्यू कमी दिसले. निर्णय डॉक्टरांना घेऊ द्या.

५. पहिले तीन दिवस शक्य तितका वेळ मराठी समजणारं माणूस खाटेजवळ ठेवा. धाप, दरदरून घाम, मळमळ, अचानक भ्रम, 'जीव घाबरा होतोय' अशी तक्रार, यांतलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी नर्सला बोलवा. फुप्फुसात रक्ताची गुठळी किंवा चरबीचे कण अडकल्यावरही अशीच लक्षणं दिसतात. तीही तातडीचीच बाब आहे.

६. आपल्या ब्लॉकजवळचं एईडी यंत्र कुठे आहे ते पाहून ठेवा, 'मायरिस्पॉन्डर' ॲप फोनवर घ्या आणि सीपीआर शिका.

आपली माणसं 'मला काही झालं नाही, तुम्ही कामावर जा' असंच म्हणणार. त्यावर विसंबू नका. मोडलेलं हाड जोडता येतं. हृदयाच्या बाबतीत उशीर झाला, तर माणूस हातचा जातो. ९९५ हा क्रमांक आज रात्रीच घरातल्या प्रत्येकाकडून पाठ करून घ्या.