मावशींना कोण शिकवणार?

आईवडिलांसाठी पुण्याजवळ मुळशीकडे वृद्धाश्रमात जागा बघायची, हा विषय आता अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळातल्या बऱ्याच घरांत निघतो. हिंजवडीहून माण ओलांडलं की घोटावडे, पुढे रिहे, पौड. हवा चांगली, शहरही लांब नाही. खोली आपण व्हिडिओ कॉलवर पाहतो. खिडकीतून डोंगर दिसतो का, जेवण गरम मिळतं का, डॉक्टर किती वेळा येतात, सगळं विचारतो. रात्री दोन वाजता आईला हात धरून बाथरूमला नेणारी बाई काय शिकली आहे, हे मात्र राहूनच जातं. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा.

डॉक्टर तपासून जातात. दिवसरात्र जवळ असतात त्या मदतनीस मावशी. त्या मायेने करतात, याबद्दल मला शंका नाही. पण पक्षाघातानंतर ज्याला गिळायला त्रास होतो, त्याला मान मागे करून वरून पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत उतरू शकतं. फुलपात्र वर धरून पाणी पिणं ही तर आपल्या घराघरातली सवय. मावशी घरी करतात तेच तिथेही करणार. माणसाला ताठ बसवायचं, एकेक घोट द्यायचा, आधीचा गिळला का ते बघायचं, लगेच आडवं करायचं नाही, हे कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं. काखेत हात घालून ओढलं की खांदा दुखावतो. इन्सुलिन घेणारे आजोबा एकाएकी घामाघूम होऊन बरळू लागले, तर त्यांना तसंच पडून राहू द्यायचं नसतं, साखर तपासायची असते. इथे माया पुरत नाही.

अमेरिकेत 1987 च्या कायद्याने नर्सिंग होममधल्या मदतनिसांना किमान 75 तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. ते तासही अपुरे आहेत असं इथले जाणकार सांगतात. भारतात 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा जिल्ह्यागणिक वृद्धाश्रमाची गोष्ट करतो, पण मदतनिसाने किती तास शिकलं पाहिजे, हे सांगत नाही. अशा केंद्रांची नोंदणी आणि किमान निकष आणणारं दुरुस्ती विधेयक 2019 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. ते मंजूर झालंच नाही, आणि 2024 मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली तेव्हा बारगळलं.

प्रशिक्षणाची सक्ती केली तर लहान वृद्धाश्रम बंद पडतील, सातवी-आठवी शिकलेल्या बायकांची कामं जातील, असा आक्षेप घेतला जातो. भीती खरी आहे, म्हणूनच मी पदवी मागत नाही. प्रत्येक पाळीला एक शिकलेली नर्स असावी. मावशींना मराठीतून, खाटेजवळ, हाताने करून शिकवावं, आणि शिकण्याच्या दिवसांचा पगार कापू नये. तोंडी परीक्षाही चालेल.

याला पैसे लागतात आणि ते फीमध्येच येणार. डोंगराच्या बाजूची खोली हवी म्हणून आपण जास्त मोजतो, तसे यासाठीही मोजू. प्रवेशाच्या करारात प्रशिक्षणाचे तास लिहून मागू. आणि मंडळाने यंदाच्या निधीतून घोटावडे परिसरातल्या एका तरी केंद्रासाठी वर्षभर प्रशिक्षक परिचारिकेचा खर्च उचलावा, असा प्रस्ताव मी पुढच्या सभेत मांडणार आहे.