फास्ट? कुठल्या फोनवर?

आमच्या धंद्यात एक वाक्य सर्रास ऐकू येतं: "जावास्क्रिप्ट आता फास्ट झालीय, बाकी व्हर्च्युअल मशीन बघून घेईल." म्हणणाऱ्याच्या मांडीवर बहुतेक वेळा 32 जीबीचा लॅपटॉप असतो. तुमच्या हातात असतो फोन. माझं भांडण तिथेच आहे.

क्रोममधलं व्ही-8 इंजिन 2008 साली आलं तेव्हा त्यात इंटरप्रिटर नव्हताच. फंक्शन पहिल्यांदा चाललं की थेट मशीन कोड. पुढे पुन्हापुन्हा चालणारी, म्हणजे 'हॉट', फंक्शन्स हेरायची, "इथे नेहमी आकडेच येतात" असा अंदाज बांधून त्यांचा आणखी वेगवान कोड बनवायचा आणि अंदाज फसला की तो फेकून द्यायचा, हे तंत्र आलं. कल्पना देखणी आहे, वाद नाही. पण तुम्ही रेल्वेच्या तिकिटाचं पान उघडता, पीएनआर बघता, बंद करता. त्यात हॉट काय होणार? बराचसा कोड एकदाच चालतो, काही तर चालतही नाही. वेळ जातो तो पार्सिंगमध्ये, कंपाइलमध्ये. आणि मेमरी जाते ती वेगळीच.

2012 पासून इंजिनांची शर्यत मात्र ऑक्टेन नावाच्या बेंचमार्कवर चालली होती. त्यातल्या बॉक्स-2डी चाचणीत ऑब्जेक्टांची चुकीची तुलना करणारा एक बग होता. त्या बगलाच ऑप्टिमाइझ करून सुमारे 15 टक्के वेग मिळत होता. खऱ्या वेबसाइटवर फायदा शून्य. दहावीला 'अपेक्षित' घोकलेल्यांना हे नव्याने सांगायला नको. शेवटी 2017 मध्ये व्ही-8च्या टीमनेच ऑक्टेन निवृत्त केला.

खरी सुधारणा आली ती उलट दिशेने. इग्निशन हा 'हळू' इंटरप्रिटर 2016 मध्ये आधी 512 एमबी रॅमच्या अँड्रॉइड फोनांवर सुरू झाला. त्याचा बाइटकोड जुन्या मशीन कोडच्या पाव ते निम्म्या जागेत मावतो. पुढच्याच वर्षी तो सगळ्यांसाठी आला, महागड्या लॅपटॉपांसाठीसुद्धा.

सर्व्हरवर महिनोन्‌महिने चालणाऱ्या प्रोग्रॅमची गोष्ट निराळी, तिथे कमाल वेग मोजा खुशाल. पण व्हर्च्युअल मशीनवाल्यांनी वाचवलेली जागा आम्ही नव्या लायब्ररींनी भरून टाकतो आणि वर "फास्ट आहे" म्हणतो. टेस्टिंगसाठी स्वस्तातला एक फोन आमच्याकडेही घेतलेला आहे. तो कपाटात आहे, आणि त्याचा चार्जर कुणीतरी घरी नेलाय.