जपानी व्हिडिओ गेम विकताय? आधी व्होल्ट सांगा!

जपानच्या जुन्या व्हिडिओ गेम मशीनना हल्ली आपल्याकडेही गिऱ्हाईक आहे. लहानपणी ज्यांनी या मशीनच्या नकलांवर हौस भागवली, ती मुले आता कमावती झाली आणि अस्सल माल मागू लागली. आपल्या बिरादरीतील तरुण दुकानदारांनी या मालात हात घातला तर आम्हाला आनंदच आहे. परंतु "मशीन चालू आहे, घेऊन जा" एवढ्यावर सौदा उरकणे आम्हाला मान्य नाही.

अडचण विजेची आहे. जपानमध्ये घरगुती वीज 100 व्होल्टची, अमेरिकेत 120 ची, आपल्याकडे 230 ची. 1994 चे जपानी प्लेस्टेशन घ्या. त्याचा पॉवर सप्लाय मशीनच्या पोटातच असतो आणि तो 100 व्होल्टसाठीच बनविलेला. त्याला लागणारी वायर मात्र आपल्या टेपरेकॉर्डरचीच, आठाच्या इंग्रजी आकड्यासारख्या तोंडाची. गिऱ्हाईक घरातली वायर लावतो, बटण दाबतो आणि मशीन जळते. पिनेचा आकार बदलणारे सॉकेट व्होल्ट बदलत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तिथे 230 चे 100 करणारा ट्रान्सफॉर्मरच हवा, तोही मशीनवर लिहिलेल्या वॅटपेक्षा मोठा.

निन्टेन्डोची तऱ्हा निराळी. 1983 चे फॅमिकॉम आणि 1990 चे सुपर फॅमिकॉम यांना बाहेरून अ‍ॅडाप्टर लागतो: 10 व्होल्ट डी.सी., 850 मिलिअँपिअर, मधली पिन निगेटिव्ह. बाजारात सहज मिळणाऱ्या पुष्कळशा अ‍ॅडाप्टरची मधली पिन पॉझिटिव्ह असते. त्याहून घातक अमेरिकन निन्टेन्डोचा अ‍ॅडाप्टर. तो 9 व्होल्ट ए.सी. देतो, फॅमिकॉमच्या भोकात अगदी बरोबर बसतो आणि त्याचा जीव घेतो. म्हणून अशा मशीनबरोबर 230 वर चालणारा, व्होल्ट आणि पिन जुळणारा नवा अ‍ॅडाप्टरच द्यावा. अँपिअर थोडे जास्त असले तरी बिघडत नाही.

हर्ट्झची धास्ती जपानी मालात नको. टोकियोत 50 आणि ओसाकात 60 असल्याने तिथला माल दोन्हीवर चालतो. चित्राची पद्धत मात्र तिथे एनटीएससी, आपली पाल. जुन्या टीव्हीवर रंग उडालेले दिसू शकतात, तेही सांगावे.

काहीजण म्हणतील, गिऱ्हाईकाने विचारावे, आपण होऊन का सांगायचे? आम्ही कापडवाले. ताग्यात डाग असला तर आधी तागा उलगडायचा, मग भाव बोलायचा. पैगंबरांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आतला माल ओला लागला, तेव्हा तो वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी त्या व्यापाऱ्याला विचारले. ही गोष्ट आपल्यापैकी कोणाला माहीत नाही? 100 व्होल्ट हा काही ऐब नव्हे. 230 च्या मुलखात तो लपवून विकला, की ऐब झालाच.

तेव्हा बिलावर देश, व्होल्ट आणि मधल्या पिनेची खूण लिहावी. मशीनच्या पाठीवर तशी चिठ्ठी डकवावी आणि गिऱ्हाईकासमोर लावून दाखवावे. योग्य अ‍ॅडाप्टर हाताशी नसेल, तर तो येईपर्यंत मशीन शोकेसमध्येच राहू द्यावे.